रक्ताला मानवणारं पाणी

माझी जीभ माझ्या आधी जन्माला आली, असं आई म्हणायची. त्यात खोटं काही नाही. आयुष्यात मी जे काही गमावलं ते या जिभेपायी, आणि एकदा जे गमावता गमावता राहिलं त्याची ही गोष्ट. सांगायला लाज वाटत नाही. पासष्टी उलटली आहे, आता लाजत बसायला वेळ कुणाला आहे?

माझं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नवरा कराचीला रेल्वेच्या कचेरीत गेला आणि तिकडेच रमला. तिथं त्याचं दुसरं घर झाल्याची बातमी आली तेव्हा मला एकविसावं लागलं होतं. मी विधवा नव्हते, आणि सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला बोलवायलाही बायका कचरत. कल्याणला पारनाक्यावर दादाच्या घरी राहत होते. मंदाकिनीवहिनी वाईट नव्हती. उलट फार चांगली होती, म्हणूनच जड जायचं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मी दिवसभर पापड लाटायची, पोरं सांभाळायची, आणि दादाच्या कपाटातली पुस्तकं चोरून वाचायची.

दादानेच बातमी आणली. ठाण्याला तळ्याच्या अलीकडे बायकांसाठी एक लहानसा दवाखाना निघाला होता. तिथं दोन बायकांना वर्षभर ठेवून घेऊन परिचारिकेचं शिक्षण द्यायचं ठरलं होतं. परीक्षा पास झाली की तिथंच नोकरी आणि राहायला खोली. नापास झाली की आपापल्या घरी. दादा म्हणाला, "एक वर्ष देतो तुला, सुमे. लोकांची तोंडं मी तेवढाच काळ धरू शकतो." मी त्याच रात्री ट्रंक भरली. पुन्हा पापड लाटायला कल्याणला यायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

दुसरी बाई होती सबीना. खाडीपलीकडे मिठागरांच्या कडेला ख्रिस्ती लोकांची एक वाडी होती, तिथली. बाप मिठागरावर राबायचा, आई डोरोथी भाजी आणि सुकी मासळी विकायची. सबीना माझ्याहून वर्षभराने लहान, अंगाने दणकट, आणि हसायला लागली की खाट हलायची. इगर्जीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, शाळेत चार इयत्ता शिकली होती. माझं अक्षर मोत्यासारखं, तिचं कोंबडीच्या पायासारखं. मी इंग्रजी पुस्तकातली चित्रं पाहून नावं वाचू शकायची. आम्हां दोघींत हुशार कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, आणि ते मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "बरा झाला. मना अडला का तुलाच विचारीन." तिने त्याचं काही मनाला लावूनच घेतलं नाही. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं.

आम्हांला शिकवायला डॉक्टर आनंदराव विजयकर होते. उंच, सडपातळ, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. घाणेरडे हात आणि खुळचट समजुती, या दोन गोष्टी दिसल्या की त्यांचं डोकं फिरायचं. चादरी उकळणं, जखम धुणं, पट्ट्या बांधणं, बाळंतिणीची निगा, हे सगळं त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. मग एक दिवस लाकडी पेटीतून पितळेचा सूक्ष्मदर्शक काढला. तो ते स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसत. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, मला कधी अशी माया मिळाली नाही.

"परिचारिका म्हणजे मोलकरीण नव्हे," डॉक्टर म्हणाले. "ज्या शरीराला तुम्ही हात लावणार, ते कशाचं बनलंय हे तुम्हांला दिसलं पाहिजे."

त्यांनी मला बोथट चमच्याने गालाच्या आतून खरवडायला लावलं. आमच्याकडे उष्ट्या भांड्याला बोट लागलं तरी हात धुवायचे, आणि इथं माझी थुंकी काचपट्टीवर घेऊन डॉक्टर तिच्यावर आयोडीनचा थेंब सोडत होते. मग म्हणाले, "बघा." मी डोळा लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग फरशीच्या लाद्यांसारखे चपटे, कडा दुमडलेले तुकडे दिसले. प्रत्येकाच्या मधोमध एक गडद ठिपका.

"ही पेशी," डॉक्टर म्हणाले. "एवढ्याशा जागेत सगळा संसार. बाहेर पातळ आवरण. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, हे त्याचं काम. आतला चिकट रस म्हणजे जीवद्रव. खाणं, झिजणं, भरून येणं सगळं त्यात चालतं. मधला ठिपका हे केंद्रक. पेशी एकीच्या दोन होतात त्या याच्या जोरावर. जखम तुम्ही भरत नाही, मीही भरत नाही. या पेशी भरतात. आपण फक्त त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचं, आणि त्यांना मानवेल असं वागायचं."

सबीनाने डोळा लावला आणि किंचाळलीच. "अगो बाय! एवढी मानसा माजे गालान ऱ्हातान, आन मना ठावच नाय!"

डॉक्टर कधी नव्हे ते हसले. चित्र मात्र माझं चांगलं आलं. आवरण, जीवद्रव, केंद्रक, तिन्ही नावं मी बाणांनी दाखवली. डॉक्टरांनी ते भिंतीवर लावलं. त्यानंतर दोन दिवस मी जरा ताठच चालत होते.

मग आलं रक्त.

रक्त तसंच काचेवर घेतलं तर पेशी भाकऱ्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात, काही कळत नाही. ते पातळ करावं लागतं. त्यासाठी टेबलावर निळ्या काचेची एक बाटली असायची. "हे रक्ताला मानवणारं पाणी," असं डॉक्टर म्हणाले. "यातलाच थेंब घ्यायचा." का, ते त्यांनी सांगितलं नाही. ते शिकवायचे पुष्कळ, सांगायचे थोडं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः करून दाखवलं. पिवळसर, गोल, मध्ये दबलेल्या चकत्या संथ तरंगत होत्या. "तांबड्या पेशी. यांना केंद्रक नसतं. अंगभर हवा पोचवायचं काम यांचं. आणि ती मोठी, पांढरी, केंद्रकवाली दिसते का? ती रोगाशी झगडते." मला ते इतकं आवडलं की मी काचेवरून उठेना, तेव्हा सबीनाने मला ढकललं.

परीक्षेला मुंबईहून एक डॉक्टर मडम येणार होत्या. प्रत्येकीने स्वतःच्या बोटाचं रक्त काचेवर घेऊन तांबड्या आणि पांढऱ्या पेशी दाखवायच्या, ही शेवटची कसोटी. त्यात नापास म्हणजे सगळ्यात नापास. डॉक्टरांनीच हट्टाने ती घालून घेतली होती. चालकमंडळात चारचौघे म्हणाले होते, बायकांना हे कशाला? डॉक्टरांना त्यांची तोंडं बंद करायची होती.

आणि आम्हांला ते जमेना. पहिले चार दिवस जमलं, मग एकाएकी जमेनासं झालं. मी टाचणीने बोट टोचायची, निळ्या बाटलीतला थेंब घ्यायची, रक्त मिसळायची, वर पातळ काच ठेवायची, आणि खाली बघते तर काही नाही. कोकमाच्या पातळ सारासारखा फिक्कट रंग, बस. सबीनाचं तेच. डॉक्टर म्हणत, "हात जड आहेत. काच दाबता, पेशी फुटतात." आम्ही हात हलका केला. फुंकरीसारखा हलका केला. माझ्या बोटांची चाळण झाली. परीक्षेला तीन आठवडे उरले होते, आणि मला झोपेत पापडाचं पीठ दिसू लागलं होतं.

एका शुक्रवारी सबीनाच्या काचेखाली पेशी दिसल्या. स्वच्छ, गोल, एकूण एक. डॉक्टरांनी तिला शाबासकी दिली. शनिवारी पुन्हा दिसल्या. माझ्याकडे कोकमाचं सार ते सारच. डॉक्टर म्हणाले, "सुमतीबाई, सबीनाबाईंचा हात बघा जरा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार इयत्तांची बाई, जिला केंद्रक लिहिताना जोडाक्षर जमत नव्हतं, तिचा हात मी बघायचा!

बघितला. डॉक्टर खोलीतून गेले की सबीना पोलक्यातून बोटाएवढी एक बाटली काढायची, कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावायची, आणि त्या बाटलीतला थेंब काचेवर सोडायची. निळ्या बाटलीला शिवायचीसुद्धा नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"पवित्र पानी," ती म्हणाली. "आयशीन दिला. आमचेकडं कनचाबी नवा काम काढला का शिंपडतात. पयल्या मिठाचे राशीवर शिंपडतात, होडीवर शिंपडतात. रगत काढाचा म्हंजी लहान काम हाय का? देवाला विचारून काढाचा. तुला पन देऊ का?"

तिने मला देऊ केलं होतं, हे लक्षात ठेवा. मी ते घेतलं नाही, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, तशीच डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "सबीना परीक्षेच्या कामात इगर्जीतलं पाणी घालते. तिचा हात हलका झालेला नाही, तिने नवस केलाय."

डॉक्टर भयंकर संतापले. कुणी सांगितलं, ते मात्र बोलले नाहीत; आपणच पाहिल्यासारखं करून सबीनाला बोलावलं. "शास्त्राच्या टेबलावर तीर्थ? उद्या गोमूत्र आणाल, परवा अंगारा आणाल! या खुळांमुळेच लोक म्हणतात की बायकांना शिकवू नये." सबीना खाली मान घालून उभी होती. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "परीक्षेत टेबलावर असेल तेच वापरायचं. बाहेरून आणलेली काडीसुद्धा चालणार नाही. आणली तर नाव कमी." मग ते मला म्हणाले, "नियम तुम्हांलाही लागू आहे."

सोमवारपासून सबीनाकडेही कोकमाचं सार. मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागत होती, तिला कल्पनाच नव्हती. माझ्या फुटलेल्या बोटांना रात्री खोबरेल लावायची आणि म्हणायची, "डाक्तराचे डोल्याला काय दिसत नाय असा नाय." मी हूं म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

रविवारी ती होडीने घरी गेली. पाद्रीबाबांना सांगून पापाची क्षमा मागायची होती; पवित्र पाणी रक्ताच्या खेळात वापरलं, हे चुकलं का, म्हणून तिला रुखरुख लागली होती. संध्याकाळी परतली ती हसतच.

"पाद्रीबाबा हसला. म्हनाला, देव रगताच्या पेशी राखतो का नाय, त्याचा मना ठाव नाय, पन त्या पान्यान मीठ असता. मंतरलेला मीठ घालूनच पवित्र पानी होते. आन आमचा गाव मिठागराचा, पाद्रीबाबा काय चिमटीन मोजतो? मूठभर टाकतो."

आम्ही दोघी एकदमच उठलो आणि मुदपाकखान्याकडे धावलो.

डॉक्टर मुंबईला गेले होते, मडमना घेऊन परीक्षेच्याच सकाळी यायचे होते. सूक्ष्मदर्शक सरावासाठी आमच्या हवाली होता. मी वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं, चांगली दोन चिमटी मीठ टाकलं, रक्त मिसळलं आणि पाहिलं. पेशी होत्या! पण धोत्र्याच्या बोंडांसारख्या काटेरी, आक्रसलेल्या. सबीनाने पाहिलं आणि लगेच म्हणाली, "मीठ जास्ती झाला. मासली खारवली का पानी सोडते आन सुकते. तशीच ही. पानी घाल." मी पाणी घातलं. तिने बोट बुडवून चाखलं, मान हलवली, आणखी घातलं. पाचव्या खेपेला पेशी आल्या, गोल, गुबगुबीत, मध्ये दबलेल्या.

"आणि मीठ नसलं तर?" मी म्हटलं. "म्हणजे पाणी उलट आत शिरत असेल. शिरतं, शिरतं, पेशी फुगते, आणि फुटते." मी निळ्या बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला. आळणी. आमचे हात जड नव्हते. आवरणाचं काम काय, हे डॉक्टरांनी आमच्याकडून शंभरदा पाठ करून घेतलं होतं. ते आम्हांला समजलं त्या दिवशी, मोरीपाशी उकिडवं बसून. मला इतका आनंद झाला की मी सबीनाला मिठीच मारली, आणि मारल्यावर आठवलं की मी काय करून ठेवलंय.

"परीक्षेला चिमूटभर मीठ पदराला बांधून नेऊ," मी म्हटलं.

"नाय," सबीना म्हणाली. "आनाचा नाय म्हंजी नाय आनाचा. डाक्तराला सांगू, तो देल."

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर मडम आल्या. चाळिशीच्या, टोपी घातलेल्या, आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकातून उतरल्यासारखं बोलणाऱ्या. बिछाना, पट्टी, ताप बघणं, जखम धुणं, सगळं सुरळीत झालं. मडम मान डोलवत होत्या. मग आम्हांला टेबलापाशी बसवलं. एक सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, टाचण्या, निळी बाटली. एक तास वेळ. दारापाशी कंपाउंडर गणू हात बांधून उभा.

मी उभी राहिले. "डॉक्टरसाहेब, चिमूटभर मीठ हवं होतं."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मीठ? त्या बाटलीत मीठ आहेच. मी स्वतः तोलून घातलंय."

"नाही त्यात. मी चाखलंय."

"चाखलंय!"

मडमनी पेन खाली ठेवलं. "विद्यार्थिनीने टेबलावरील द्रव्ये चाखू नयेत," त्या म्हणाल्या. "जे आहे त्यातच कार्य करावे."

डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते की मी बसले. नियम त्यांचा होता, पण करवला कुणी? बाटली चाखून बघा, असं चारचौघांत, मडमसमोर त्यांना कोण सांगणार? मी पहिली काच केली. सार. दुसरी केली. सार. सबीनाचंही तेच. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास गेला. मला कल्याणचं स्वयंपाकघर दिसायला लागलं, पोळपाट, लाटणं, वहिनीचा चांगुलपणा. आणि शेजारी ही बसलेली, जिच्याकडे बाटलीभर पाणी होतं आणि जिने ते मला देऊ केलं होतं. मी ते हिसकावून घेतलं तिच्यापासून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी पदर वर घेतला.

सबीनाने माझं मनगट धरलं. "पुसू नको," ती कुजबुजली. "सुमतीबाय, पुसू नको. ता खारट असता."

मला क्षणभर कळलंच नाही. तिने माझ्याच हातात काचपट्टी दिली आणि माझ्या गालाखाली धरली. थेंब पडला. मी बोट टोचलं, रक्त त्यात मिसळलं. काच ठेवली, डोळा लावला. होत्या. सगळ्या होत्या. गोल, संथ, मध्ये दबलेल्या, आणि एका कोपऱ्यात एक पांढरी, केंद्रकासकट.

"आता तू," मी म्हटलं. "रड लवकर."

सबीनाने डोळे मिटले. तोंड वाकडं केलं. स्वतःला चिमटा घेतला. आणि तिला हसू फुटलं. "मना नाय येत गो."

"काहीतरी वाईट आठव. आईला काही झालंय असं मनात आण."

"आयस धडधाकट हाय. तिला कशाला मारू?"

घड्याळात दहा मिनिटं उरली होती. माझे डोळे तोवर कोरडे पडले होते. पेशी दिसल्याचा आनंदच इतका झाला होता. आणि मला समजलं की आता काय करायला हवं. करायचं नव्हतं, पण दुसरा उपाय नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते इतके दिवस मला आतून खात होतं.

"सबीना," मी म्हटलं. "डॉक्टरांनी स्वतः नाही पाहिलं. त्यांना मी जाऊन सांगितलं. तुझ्या पेशी दिसतात आणि माझ्या दिसत नाहीत, ते मला बघवेना."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा तो मोठा चेहरा, ज्यावर मी कधी हसण्याशिवाय काही पाहिलं नव्हतं, तो गंभीर झाला. राग असता तर चाललं असतं. राग नव्हता. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते मला सोसेना. मी आयुष्यात कधी रडले नव्हते अशी रडायला लागले. कराचीची बातमी आली तेव्हासुद्धा नाही.

सबीनाने काचपट्टी उचलली.

"रडाचा तं रड," ती हळूच म्हणाली. "पन काचंवर रड."

मडम आल्या. माझ्या काचेखाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं. सबीनाच्या काचेखाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उत्तम. रक्त कशात विरल केले आहे?"

"अश्रूंत," मी म्हटलं.

"आणि या?"

सबीनाने तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "तिच्याही काचेवर माझेच आहेत. तिला रडू येत नव्हतं. मी तिच्याविरुद्ध चुगली केली होती, म्हणून मला येत होतं. पण मीठ लागतं हे आधी तिने ओळखलं, आणि डोळ्यांतलं पाणी चालेल हेही तिनेच. नापास करायचं तर मला करा."

डॉक्टर ताडकन उठले. "पण बाटलीत मीठ आहे!"

मडमनी बाटलीचं बूच काढलं, करंगळी बुडवली, आणि द्रव्ये चाखू नयेत असं मघाशी म्हणणाऱ्या त्या बाईंनी ती जिभेला लावली. मग बाटली डॉक्टरांपुढे केली. डॉक्टरांनी चाखलं. दारातून गणूचा आवाज आला, "साहेब, ती मागं रिकामी झालती. पाणी होतं म्हणून मी पाणीच भरलं. चांगलं उकळून, गाळून भरलंय."

डॉक्टर खुर्चीत बसले. मग ते सबीनाकडे वळून म्हणाले, "सबीनाबाई, मी तुमच्यावर उगाच ओरडलो." डॉक्टरांच्या तोंडून हे शब्द निघताना मी जन्मात एकदाच ऐकले.

"टेबलावर असेल तेच वापरायचे, असा नियम होता ना?" मडमनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. "सुमतीबाई टेबलाशी बसलेल्या होत्या. म्हणून त्या साहित्यात गणल्या जातात." आणि त्यांनी दोन्ही नावांपुढे पास असं लिहिलं.

आम्ही व्हरांड्यात आलो. मी खांबाला टेकले. माझ्यात रडायचं काही शिल्लक नव्हतं. खोली मिळणार होती, नोकरी मिळणार होती, पापड लाटायला कल्याणला जायचं नव्हतं, आणि हे सगळं कुणाला सांगावं तर शेजारच्या बाईला सांगायला तोंड नव्हतं. मी मान वर केली. सबीना तोंड फिरवून उभी होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, हसतेय. ती वळली. गाल ओलेचिंब झाले होते.

"आता येते मेला!" ती नाक ओढत म्हणाली. "घे, किती पायजे तवढा घे."